'अनोळखी माणसाशी बोलायचं नाही' हे शिकवून झालं. पुढे काय?

मेथीची_जुडी | १२ मे, सकाळी १०:४०

नमस्कार मंडळी. सुट्टी लागल्यापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक दिवसाआड 'मुलं पळवणारी टोळी ठाण्यात शिरली आहे, सावध राहा' असा मेसेज येतोय. काल पांढरी व्हॅन होती, परवा साडी नेसलेले पुरुष. परिणाम काय, तर संध्याकाळी सातला पार्किंग रिकामं आणि सगळी पोरं घरात. घरात म्हणजे फोनवर.

माझा मुलगा सहावीत, मुलगी दुसरीत. परवा मुलगा नेमबाजीचा गेम खेळत होता आणि हेडफोनची पिन निघाली तेव्हा चांगला फुटलेला, पुरुषी आवाज कानावर आला. कोण रे हा? तर 'गिल्डचा दादा' (गिल्ड म्हणजे गेममधला गट). राहतो कुठे? माहीत नाही. नाव? गेममधलं टोपणनाव. या दादाने त्याला डायमंड, म्हणजे गेममधलं चलन, गिफ्ट केलेत, हेही तेव्हाच कळलं. मी म्हटलं, अनोळखी माणसांशी बोलायचं नाही असं ठरलंय ना आपलं? त्यावर चिरंजीव : "आई, तो अनोळखी कुठंय? रोज खेळतो आम्ही."

मला उत्तर सुचलं नाही.

गुड टच बॅड टच शाळेत करून घेतलंय. पण हे जे आहे, ते कुठल्या वयाला, कुठल्या शब्दांत सांगता तुम्ही लोक? येत्या रविवारी आमच्याकडे पालकांची एक बैठक ठेवलीय आणि बोलायचं काम माझ्याच गळ्यात पडलंय. 'फोनच देऊ नका' सोडून काहीही सुचवा. शाळेचा गृहपाठ त्यावरच येतो.

---

टवाळ_कार्टं | १२ मे, १०:५२

पहिला उपाय : सोसायटीच्या ग्रुपमधून बाहेर पडा. निम्मे धोके तिथेच संपतात. (हलके घ्या.)

---

खानदेशी_मिरची | १२ मे, ११:३०

टवाळा, तू हसण्यावारी नेलंस, पण मी मूळचा साक्री तालुक्यातला आहे, म्हणून थोडं लिहितो.

१ जुलै २०१८, रविवार, राईनपाड्याचा आठवडी बाजार. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला म्हणे, एवढंच निमित्त. 'मुलं पळवणारे' अशी हाकाटी झाली. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने पाचही जणांना ठार मारलं. त्याआधी कित्येक दिवस आमच्या भागात प्रत्येकाच्या फोनवर तेच मेसेज फिरत होते.

त्या काळात देशभर एक क्लिप फिरत होती. मोटरसायकलवरून दोघं येतात आणि गल्लीत खेळणारं पोर उचलून नेतात. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेने केलेली जाहिरात. विषय काय, तर मुलांची सुरक्षा! शेवटी ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात, तेवढा भाग कुणीतरी कापला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं बंधन आणलं, ते या सगळ्यामुळे.

म्हणून तुमच्या रविवारच्या बैठकीत पहिला मुद्दा हाच घ्या. असा मेसेज आला की पोलीस ठाण्याला विचारायचं, पुढे ढकलायचा नाही. मुलांच्या काळजीपोटीच माणसं मेली आहेत.

---

मोरपंखी | १२ मे, ११:४१

बापरे. बातमी आठवत होती, जाहिरातीचं माहीत नव्हतं.

---

भाऊसाहेब_करवीर | १२ मे, दुपारी १:०५

राईनपाड्याचं वाईटच झालं. पण मूळ प्रश्नाला माझं उत्तर तेच, जे तुम्ही नको म्हणताय. सहावीतल्या पोराला फोन कशाला? आमच्या वेळी दिवसभर रंकाळ्यावर उंडारायचो, घरी यायचो ते दिवेलागणीला. कुणी पळवलं नाही. सगळी गल्ली एकमेकांच्या पोरांवर डोळा ठेवून असायची. आता शेजारी कोण राहतो ते माहीत नाही आणि पोराचा दोस्त बसलाय कुठल्या राज्यात!

---

साबुदाणा | १२ मे, १:४८

भाऊसाहेब, गल्ली डोळा ठेवून असायची हे खरं. मी सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढले. आमच्या वाड्यात एक काका होते. छान गोष्टी सांगायचे, लिमलेटच्या गोळ्या द्यायचे. त्यांच्या खोलीत एकटीने जायचं नाही हे वाड्यातल्या सगळ्या मुलींना माहीत होतं आणि एकाही आईला माहीत नव्हतं.

तेव्हा 'आमच्या वेळी' नको. आमच्या वेळी फक्त बोलायची सोय नव्हती.

---

मोरपंखी | १२ मे, १:५५

साबुदाणा, +१. अजून काही लिहीत नाही. फक्त +१.

---

वकिलीण_बाई | १२ मे, ४:२०

साबुदाणा यांनी लिहिलंय त्याला आकड्यांचाही आधार आहे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक मोठा अभ्यास केला होता. ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं आणि त्यात मुलगे निम्म्याहून किंचित जास्त होते. मुलगेवाल्या आया 'आपल्याला काय काळजी' म्हणतात तेव्हा मी हे सांगते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणीच्या अहवालात तर दरवर्षी पॉक्सोखालच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांच्या वर आरोपी ओळखीचाच निघतो. नातेवाईक, शेजारी, क्लासवाला, व्हॅनवाला आणि हल्ली 'ऑनलाइन फ्रेंड'. व्हॅनमधून येणारा परका माणूस या यादीत अगदी तळाला आहे.

पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, तरी लोकांना त्यातल्या साध्या गोष्टी ठाऊक नसतात. अठराच्या आतला कुणीही, मुलगा असो वा मुलगी, त्यात येतो. अत्याचार झाल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हा मोठ्या माणसासाठी गुन्हा आहे. शाळेचं, क्लासचं नाव खराब होईल म्हणून दाबणाऱ्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाला ठाण्यात जाऊन बसावं लागत नाही. जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि गणवेशात यायचं नाही. नाव, शाळा, पत्ता कुणीही छापायचा नाही. 'पोलिसात गेलो तर पोरीचं नाव पेपरात येईल' या भीतीने किती घरं गप्प बसतात, ते रोज बघते.

---

पेन्शनर_आजी | १२ मे, ६:१५

माझा एक भाबडा प्रश्न. सुनेने मला सांगितलंय की नातीला 'ये, आजीला पापा दे' असं म्हणायचं नाही, तिला विचारायचं. ती नको म्हणाली तर सोडून द्यायचं. आता सख्ख्या आजीने परवानगी घ्यायची का? मला जरा लागलं हो ते.

---

मोरपंखी | १२ मे, ६:३३

आजी, तुम्ही नका वाईट वाटून घेऊ, पण सूनबाई बरोबर आहेत. लग्नाकार्यात 'अगं, मामा आहे तो, बस की मांडीवर' असं आपण चारचौघांत ढकलतो. पोर अंग चोरतं, तरी ढकलतो. मोठ्या माणसाला नको म्हणायचं नसतं, म्हटलं तर तोच राग धरतो, असं त्यातून ते शिकतं. उद्या नको म्हणायची खरी वेळ आली तर तोंडातून शब्द कसा निघेल? सराव घरातच व्हायला हवा आणि तुमच्यासारख्या हक्काच्या माणसावर व्हायला हवा.

---

पेन्शनर_आजी | १२ मे, ६:५०

असं समजावलं असतं तर मी कशाला रुसले असते! सून नुसतं 'असं करायचं नसतं आई' म्हणाली. बरं. आज विचारून बघितलं, तर नात म्हणते, 'आधी चॉकलेट.'

---

टवाळ_कार्टं | १२ मे, ६:५२

आजी, आता नातीलाच समज द्या : चॉकलेटच्या बदल्यात पापा मागणाऱ्यापासून लांब राहायचं. 😄

---

हडसनकाठी | १२ मे, रात्री ९:१०

न्यू जर्सीहून. इकडे ऐंशीच्या दशकात हरवलेल्या मुलांचे फोटो दुधाच्या खोक्यांवर छापायचे आणि 'स्ट्रेंजर डेंजर' पोरापोराला पाठ होतं. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या इथल्या राष्ट्रीय केंद्राने स्वतःच आता ती घोषणा बाजूला ठेवलीय. कारण मुलांच्या डोक्यात परका माणूस म्हणजे काळा कोट, दाढी, भयंकर चेहरा. गोड बोलणारा त्यात बसतच नाही. शिवाय गर्दीत हरवलेलं मूल मदत मागायलाही घाबरतं, कारण तिथे सगळेच परके. माझ्या मुलांना सांगितलंय, हरवलात तर लहान मूल बरोबर असलेली बाई शोधा आणि तिला सांगा.

दुसरं, आमच्या घरी परवलीचा शब्द आहे. शाळेतून न्यायला आमच्याऐवजी दुसरं कुणी आलं तर त्याने तो सांगायला हवा.

---

मेथीची_जुडी | १२ मे, ९:४०

हडसनकाठी, आम्हीही परवलीचा शब्द ठेवला होता, 'पुरणपोळी'. लेकीने तो पहिल्याच आठवड्यात वॉचमनकाकांना, दूधवाल्याला आणि लिफ्टमध्ये भेटलेल्या एका कुरियरवाल्याला सांगितला. अभिमानाने.

वकिलीण_बाई, खूप आभार. पण अजून माझ्या गिल्डच्या दादावर कुणी बोललं नाहीये हो.

---

झेडपी_मास्तर | १३ मे, सकाळी ७:२५

दादाकडे येतो. मी सहावी-सातवीला शिकवतो. 'ओळखीचा की अनोळखी' हे वर्गात विचारणं मी बंद केलं, कारण मुलांच्या लेखी दोन दिवस बोललेला माणूस ओळखीचाच. त्याऐवजी तो मागतो काय, तेवढं बघायला सांगतो. विनाकारण काही देतो का? फुकटचा रिचार्ज, डायमंड, क्रिकेटची बॅट, काहीही. 'इथे नको, त्या दुसऱ्या ॲपवर ये' किंवा 'क्लास सुटल्यावर मागच्या दाराने ये' म्हणतो का? फोटो मागतो का? आणि 'घरी सांगू नको हं' म्हणतो का? हे शेवटचं आलं की बाकी काही बघायचंच नाही, थेट घरी सांगायचं. मग तो गेमवाला दादा असो, सख्खा मामा असो किंवा मी स्वतः, त्यांचा मास्तर. हे मी वर्गात मुद्दाम म्हणतो. पोरं आधी हसतात, मग गप्प होतात.

आईच्या वाढदिवसाची गंमत लपवणं वेगळं, कारण ती चार दिवसांनी सगळ्यांना कळणारच असते. हा फरक दुसरीच्या पोरांनाही कळतो.

शाळांचं सांगतो. २०२२ पासून मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी असा शासन निर्णय आहे. बदलापूरनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, त्यावरची धूळ झटकली गेली. तक्रारपेटीही हवी. पण बहुतेक ठिकाणी ती मुख्याध्यापकांच्या दारापाशी, जिथे चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसतो. आमची आम्ही पाण्याच्या टाकीमागे हलवली, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर. पेटीला चिठ्ठ्या यायला लागल्या. बहुतेक 'खिचडीत मीठ नसते' आणि 'अमुक माझा पेन देत नाही' अशाच. पण गावातून मुलं आणणाऱ्या जीपबद्दलही एक आली. पुढच्या सीटवर तो रोज एकाच मुलीला बसवतो, एवढंच लिहिलं होतं. ती जीप आता येत नाही. पुढचं इथे लिहिता येणार नाही.

पालकांनी आपापल्या शाळेत विचारा : समितीत कोण आहे, पेटी कुठे आहे, ती उघडतं कोण.

---

खानदेशी_मिरची | १३ मे, ७:५०

मास्तर, दंडवत.

---

रूट_पासवर्ड | १३ मे, सकाळी ११:१५

तांत्रिक बाजू मी घेतो.

आज घरी जाऊन आधी मुलाच्या खात्यात जन्मवर्ष काय टाकलंय ते बघा. नव्वद टक्के पोरांनी २००० किंवा त्याच्या आसपासचं काहीतरी टाकलेलं असतं (हा माझा अंदाज, वकिलीण_बाईंनी पकडू नये). खातं उघडताना गोल फिरवायची ती पट्टी असते, ती जोरात फिरवली की जिथे थांबेल ते वर्ष. झालं, ॲपच्या लेखी तुमचं पोर सव्वीस वर्षांचं. मग मुलांसाठी असलेली कुठलीच कुंपणं त्याला लागू होत नाहीत. इन्स्टाग्रामवर आता अठराच्या आतल्यांना 'टीन अकाउंट' आपोआप मिळतं. खातं खाजगी, मेसेज फक्त ज्यांना फॉलो करतो त्यांचे, आणि सोळाच्या आतला असेल तर ही बंधनं सैल करायला पालकांची मंजुरी. भारतात हे २०२५ पासून आहे. पण जन्मवर्ष खरं असेल तरच!

गेममध्ये व्हॉइस चॅट 'फक्त मित्र' किंवा बंद करता येतो, फ्रेंड रिक्वेस्ट बंद करता येतात. स्नॅपचॅटवर नकाशात आपण कुठे आहोत ते दिसू शकतं, तिथे 'घोस्ट मोड' लावा. त्यांच्या 'फॅमिली सेंटर'मध्ये मूल कुणाशी बोललं ते पालकांना दिसतं, काय बोललं ते दिसत नाही. मला ही तडजोड आवडते. लहानांच्या अँड्रॉइड फोनला गूगलचं फॅमिली लिंक जोडा, नवं ॲप टाकायला तुमची परवानगी लागेल.

आणि फोन हॉलमध्ये चार्ज करायचा. रात्री. सगळ्यांचे. तुमचाही.

---

भाऊसाहेब_करवीर | १३ मे, ११:४०

एवढी कुंपणं घालण्यापेक्षा मी रोज रात्री नातवाचा फोन घेऊन सगळे मेसेज वाचतो. पाच मिनिटांचं काम. बारा वर्षांच्या पोराला कसली आलीय प्रायव्हसी?

---

एकोणीस_पूर्ण | १३ मे, दुपारी २:०२

काका, मी इथली बहुतेक सर्वांत लहान सभासद असेन, म्हणून धीर करून लिहिते. तुम्ही वाचता ते खातं तुमच्यासाठीच ठेवलेलं असणार. आमच्या वर्गात जिच्या घरी फोन तपासायचे तिची दोन खाती होती. एकात आत्या, मामा आणि सुविचार. दुसऱ्यात आम्ही.

अकरावीत माझ्या मैत्रिणीला एका 'मुलीने' मेसेज केला. आठवडाभर गप्पा, मग फोटोंची देवाणघेवाण, मग कळलं की तिकडे मुलगी नाहीच. 'पैसे पाठव नाहीतर तुझ्या सगळ्या फॉलोअर्सना फोटो जाईल.' तिने साठवलेले पैसे पाठवले. त्याने अजून मागितले. ती घरी का बोलली नाही माहितीये? बदनामीची भीती होतीच, पण पहिलं वाक्य तिने मला सांगितलं ते 'बाबा फोन काढून घेतील, मग क्लास पण बंद' हे. म्हणजे घरच्यांची शिक्षा तिला त्या माणसापेक्षा जवळची वाटत होती. शेवटी ती ताईशी बोलली आणि ताईने आधी तिला जेवायला घातलं, मग सगळं केलं.

तेव्हा मेथीताई, बैठकीत आईबाबांना एवढंच सांगाल का? मुलांना आधीच, काही घडायच्या आत, स्पष्ट म्हणा : तू काहीही केलेलं असलंस तरी मला येऊन सांगितलंस तर फोन काढून घेणार नाही आणि ओरडणार नाही. आणि मग खरंच ओरडू नका. पोरं छोट्या गोष्टीवर परीक्षा घेतात आधी.

---

साबुदाणा | १३ मे, २:१५

'ताईने आधी जेवायला घातलं.' देव करो आणि प्रत्येकीला अशी ताई मिळो.

---

भाऊसाहेब_करवीर | १३ मे, २:३०

दोन खाती? एकाच फोनवर?

---

टवाळ_कार्टं | १३ मे, २:३१

भाऊसाहेब, कॅल्क्युलेटरसारखं दिसणारं पण आत फोटो लपवणारं ॲपही असतं. नातवाच्या फोनमध्ये दोन कॅल्क्युलेटर असतील तर तो गणितात हुशार आहे असं समजू नका.

---

वकिलीण_बाई | १३ मे, ५:४५

एकोणीस_पूर्ण, फार मोलाचं लिहिलंस. तुझ्या मैत्रिणीसारखी वेळ कुणावर आली तर काय करायचं, ते लिहून ठेवते.

पैसे द्यायचे नाहीत, दिले असतील तर थांबवायचे. एकदा दिले की मागणी वाढतेच. गेलेल्या पैशांसाठी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्याच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. घाबरून चॅट उडवायची नाही. त्याचं प्रोफाइल, नंबर, यूपीआय आयडी, धमकीचे मेसेज यांचे स्क्रीनशॉट घ्यायचे, मग ब्लॉक. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांशी संबंधित तक्रार नाव न देताही करता येते. मुलांसाठी १०९८ आहे. ही सेवा १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली, चोवीस तास चालते, मूल स्वतः फोन करू शकतं. तातडीचं असेल तर ११२.

आता एक इशारा. पालक पुरावा म्हणून तो फोटोच काका-मामांना, वर्गशिक्षिकेला, ग्रुपवर पाठवतात. कृपा करून पाठवू नका. अठराच्या आतल्या मुलाचं तसलं चित्र साठवणं, पाठवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी अडचणीत याल. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये हे आणखी कडक केलंय. पोलिसांना फोन दाखवा, ते घेतील काय घ्यायचं ते.

---

रूट_पासवर्ड | १३ मे, ६:०५

याला एक जोड. हडसनकाठी म्हणाले त्याच अमेरिकन केंद्राची 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे, भारतातूनही वापरता येते. फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. तुमच्या फोनवरच त्या फोटोचा आकड्यांचा ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा फेसबुक, इन्स्टाग्राम वगैरे सहभागी कंपन्यांकडे जातो. तसाच फोटो कुणी चढवला की ते ओळखून काढतात. व्हॉट्सॲपवर फिरणारं यातून थांबत नाही, एवढी मर्यादा लक्षात ठेवा.

---

जास्वंद_मेलबर्न | १४ मे, सकाळी ६:३०

आमच्याकडे १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायलाच बंदी आहे. दंड कंपन्यांना, मुलांना किंवा पालकांना नाही. माझी चौदा वर्षांची पहिले दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी मैत्रिणींना चक्क फोन लावून बोलली. काही पोरांनी मोठ्या भावंडांचा चेहरा दाखवून वयाची परीक्षा पास केली, तेही आहे. पण 'सगळ्यांकडे आहे, मलाच नाही' हे रडगाणं संपलं, माझ्यासाठी तेच पुष्कळ.

---

सातारी_कंदी | १४ मे, ९:२०

धागा वाचतोय, सगळे मुलांना शहाणं करायला निघालेत. आईबापांचं काय? जूनमध्ये बघा. शाळेच्या फाटकासमोर पोर उभं, मागे शाळेची पाटी, गळ्यात ओळखपत्र, त्यावर नाव, इयत्ता, तुकडी, बापाचा नंबर, आणि खाली 'माझ्या पिल्लाचा पहिला दिवस'. फोटो सगळ्या जगाला खुला. पळवणाऱ्याला अजून काय द्यायचं, रिक्षाभाडं?

---

नाचरा_मोर | १४ मे, १०:१०

हे जरा अती होतंय. माझ्या मुलीच्या लावणीच्या रील मी टाकते, खूप लोक कौतुक करतात. सगळ्या जगाला विकृत समजून कला घरात डांबायची का? ती सात वर्षांची आहे, तिला स्टेजची भीती नाही, याचा मला अभिमान आहे.

---

साबुदाणा | १४ मे, १०:३५

अभिमान असावाच. पण त्या रील कोणकोण सेव्ह करून ठेवतंय ते तुम्हाला दिसतं का? कमेंट करणाऱ्यांत अनोळखी पुरुष किती, ते एकदा मोजा. स्टेजवर नाचली की लोक बघतात आणि घरी जातात. रील त्यांच्याबरोबर घरी जाते.

---

नाचरा_मोर | १४ मे, १०:५०

तुमचा सूर आवडला नाही. पण कमेंट बघते.

---

टवाळ_कार्टं | १४ मे, ११:०२

धाग्यावर भांडण पेटायच्या आत मेथीताईंना बोलवा. ताई, दादाचं काय झालं?

---

मेथीची_जुडी | १५ मे, रात्री १०:१५

आले. झालं असं की काल मी मुलाशेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, मलाही शिकव. त्याने मोठ्या उत्साहाने शिकवलं. मी उडी मारल्या मारल्या मेले. मग आवाज स्पीकरवर ठेवला. दादा आला. मी म्हटलं, "नमस्कार, मी याची आई. कुठले तुम्ही?" पलीकडे शांतता आणि दादा लॉगआउट! आज बघितलं तर फ्रेंड लिस्टमधूनही गायब.

मग मुलाशी बोलले. मास्तरांचे प्रश्न विचारले, तुमची लाडकी एकोणीस_पूर्ण म्हणाली तसं आधीच कबूल करून, की फोन जाणार नाही. दादाने दुसऱ्या ॲपवर बोलावलं होतं. हा गेला नव्हता, कारण तिथे याचं खातं नाही. फोटो मागितला होता का, यावर 'गेममधला' असं उत्तर आलं. मी तिथे ताणलं नाही. आज सकाळी पोळी खाताना स्वतःहून म्हणाला, 'नुसता चेहऱ्याचा मागितला होता.'

---

एकोणीस_पूर्ण | १५ मे, १०:२८

सांगितलं त्याने! सकाळी, पोळी खाताना! ताई, भारी.

---

खानदेशी_मिरची | १५ मे, १०:४०

एक शंका. तो दादाही दहावीतलं पोरगंच असेल आणि कुणाची तरी आई बोलली म्हणून टरकलं असेल, असं नाही का होऊ शकत? राईनपाड्याचं लिहिणारा मी, म्हणून विचारतो.

---

वकिलीण_बाई | १५ मे, ११:०५

अगदी होऊ शकतं. म्हणून आपण शोधायला निघायचं नाही आणि सोसायटीच्या ग्रुपवर त्याचं टोपणनाव टाकायचं नाही. गेममधला आयडी आणि चॅटचे स्क्रीनशॉट घेऊन गेममध्ये रिपोर्ट करा आणि पोर्टलवर तक्रार टाका. पोरगं असेल तर पोलीस समज देऊन सोडतील. नसेल तर तुमच्या मुलाआधी त्याने कुणाला गाठलंय, तेही निघेल.

---

झेडपी_मास्तर | १६ मे, सकाळी ६:५०

रविवारच्या बैठकीला मुलांनाही अर्धा तास वेगळं बसवा, मोठ्यांशिवाय. त्यांना म्हणा, आईबाबा फोनवर काय करतात ते तुम्ही लिहून द्या. आमच्याकडे हा कागद पालकांना वाचून दाखवला, तेव्हा कुठे सभा सुरू झाली.

---

भाऊसाहेब_करवीर | १६ मे, ८:१५

नातवाला विचारलं. दुसरं खातं आहे. त्यात मी नाही.

बरं, ते सातारी_कंदी म्हणाले त्यावरून आठवलं. माझ्या फेसबुकावर त्याचे बोरन्हाणापासूनचे सगळे फोटो पडलेत, एकेकावर शाळेचं नाव पण आहे. ते सगळ्यांना दिसतात का? काढायचे कसे? एकेक करत बसलो तर दिवाळी येईल.

---

रूट_पासवर्ड | १६ मे, ८:४०

एकेक नको. सेटिंगमध्ये प्रायव्हसीच्या भागात 'लिमिट पास्ट पोस्ट्स' आहे. ते दाबलं की सार्वजनिक असलेल्या सगळ्या जुन्या पोस्ट फक्त मित्रांपुरत्या होतात. शाळेची पाटी असलेले मात्र शोधून उडवाच. आणि त्याआधी मित्रयादी उघडून बघा, किती जणांना प्रत्यक्ष ओळखता.

---

भाऊसाहेब_करवीर | १६ मे, ९:२५

सापडलं. दाबलं.

मित्रयादीत दोन हजारांवर लोक आहेत. बसलोय काढत. नातवाला शेजारी घेतलाय, तो एकेकाचा फोटो दाखवून 'हे कोण, आजोबा?' विचारतोय आणि मला सांगता येत नाहीये.